घरची पवनचक्की फिरते, पण वीज का देत नाही? बिघाड शोधण्याची सोपी पद्धत

गच्चीवर किंवा शेतात छोटी पवनचक्की बसवली जाते. पहिले काही आठवडे सगळे घर कौतुकाने वर बघत असते. मग एक दिवस लक्षात येते, पाती तर गरागरा फिरतायत, पण बॅटरी काही भरत नाही. किंवा वारा सुटलाय आणि पाती मात्र ढिम्म हलत नाहीत. विकणारा म्हणतो "वाराच नाही", वायरमन म्हणतो "बॅटरी गेली", शेजारी म्हणतात "सोलर घ्यायला हवे होते". यातले खरे कोणाचे?

घरगुती पवनचक्कीचा इतिहास तसा जुना आहे. ग्लासगो येथील प्राध्यापक जेम्स ब्लाइथ यांनी १८८७ साली स्कॉटलंडमधील मेरीकर्क गावी आपल्या सुट्टीच्या घराच्या बागेत कापडी शिडांची पवनचक्की उभी केली, तिच्यावर बॅटऱ्या भरल्या आणि घरात दिवे लावले. म्हणजे पवनचक्की, बॅटरी आणि दिवा ही साखळी सव्वाशे वर्षांहून जुनी आहे. बिघाडही याच साखळीत कुठेतरी असतो. कडी कडी तपासत गेले की तो सापडतो. मात्र त्यासाठी योग्य क्रम पाळावा लागतो.

या लेखात घरी सर्वाधिक दिसणारी रचना धरली आहे: तीन पाती, कायम चुंबकाचा जनरेटर, त्यातून खाली येणाऱ्या तीन वायर, मग रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारा), चार्ज कंट्रोलर, बॅटरी आणि शेवटी इन्व्हर्टर.

आधी सुरक्षा, मग पाना-पकड

पवनचक्की आणि सोलर पॅनल यांत एक मोठा फरक आहे. सोलर पॅनलची वायर काढली तर ते गप्प बसते. चालत्या पवनचक्कीची वायर काढली तर ती सुसाट सुटते. बॅटरी वीज ओढत असते, तोच तिचा लगाम असतो. लगाम सुटला की पाती वेगाने फिरू लागतात, वायरमधला दाब कित्येक पटींनी वाढतो, कंट्रोलर जळू शकतो आणि पातीही तुटू शकते.

म्हणून तीन नियम कायम पाळावेत.

१. काम नेहमी वारा पडलेला असताना करावे. बहुतेक ठिकाणी पहाटेची वेळ बरी.

२. आधी पवनचक्कीला ब्रेक लावावा, मगच बॅटरी सोडवावी. पुन्हा जोडताना उलट करावे, म्हणजे आधी बॅटरी जोडावी आणि मग ब्रेक काढावा.

३. पाती उघड्या फिरत असताना मनोऱ्यावर चढू नये. आडवा पाडता येणारा मनोरा असेल तर तो पाडूनच काम करावे.

ब्रेक म्हणजे काय? जनरेटरच्या तिन्ही वायर एकमेकींना जोडल्या की पाती जड होतात आणि जवळपास थांबतात. बहुतेक कंट्रोलरवर किंवा वेगळ्या स्विचवर ही सोय असते. ही जोडणी रेक्टिफायरच्या आधी, पवनचक्कीच्या बाजूलाच असली पाहिजे. बॅटरीच्या धन आणि ऋण टोकांना एकत्र जोडणे म्हणजे आगीला आमंत्रण. आणखी एक गोष्ट म्हणजे जोरदार वादळात हा ब्रेक पुरा पडेलच असे नाही. पाती थांबल्या नाहीत तर जनरेटरची वाइंडिंग तापून जळते. वादळाचा इशारा असेल तर वारा वाढण्याआधीच ब्रेक लावावा.

पहिला प्रश्न: खरेच बिघाड आहे का?

बऱ्याच तक्रारींत पवनचक्की ठणठणीत असते, अपेक्षा मात्र चुकलेली असते. याचे कारण वाऱ्याच्या गणितात आहे. वाऱ्यातली शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. वेग दुप्पट झाला तर शक्ती आठपट होते आणि वेग निम्मा झाला तर शक्ती एक अष्टमांश उरते. शिवाय वाऱ्यातली सगळी शक्ती कोणतीच पवनचक्की काढू शकत नाही. जर्मन शास्त्रज्ञ आल्बर्ट बेट्झ यांच्या नावाने ओळखली जाणारी ही मर्यादा ५९.३ टक्के आहे. घरगुती यंत्राच्या हाती प्रत्यक्षात साधारण २५ ते ३० टक्केच लागतात.

पात्यांचा एकूण व्यास २ मीटर असलेल्या पवनचक्कीचा हा अंदाजे हिशेब पाहा.

सेकंदाला ३ मीटर वारा (ताशी सुमारे ११ किमी): १३ ते १५ वॅट
सेकंदाला ६ मीटर वारा (ताशी सुमारे २२ किमी): १०० ते १२५ वॅट
सेकंदाला १२ मीटर वारा (ताशी सुमारे ४३ किमी): ८०० ते १००० वॅट

म्हणजे डब्यावर "१ किलोवॅट" लिहिलेले यंत्र झुळकेवर एक एलईडी दिवा कसाबसा चालवते. हा बिघाड नाही. डब्यावरचा आकडा कोणत्या वेगाचा आहे, हे माहितीपत्रकात बघावे. दोन यंत्रांची तुलना करताना वॅटपेक्षा पात्यांचा व्यास जास्त खरे बोलतो.

वाऱ्याचा वेग मोजायचे साधन नसेल तर झाडे बघावीत. चेहऱ्याला वारा जाणवतो आणि पाने सळसळतात, पण फांद्या स्थिर आहेत, अशा वेळी वेग सेकंदाला साधारण २ ते ३ मीटर असतो. पाने आणि बारीक डहाळ्या सतत हलत असतील तर साडेतीन ते साडेपाच. धूळ आणि कागद उडू लागले, लहान फांद्या हलल्या, तर साडेपाच ते आठ. पहिल्या स्थितीत काही मिळत नसेल तर काळजी नको. तिसऱ्या स्थितीतही काही मिळत नसेल तर मात्र बिघाड नक्की.

महाराष्ट्रात ऋतूही लक्षात घ्यावा लागतो. इथला मुख्य वारा नैऋत्य मोसमी, म्हणजे जून ते सप्टेंबरचा. साताऱ्याच्या चाळकेवाडी-वनकुसवडे पठारावरच्या किंवा धुळ्याच्या ब्राह्मणवेलच्या मोठ्या पवनचक्क्याही वर्षातली बरीचशी वीज याच काळात बनवतात. ऑक्टोबरनंतर वारा पडतो. पावसाळ्यात बसवलेली पवनचक्की हिवाळ्यात "बिघडली" असे वाटते, ते त्यामुळेच.

पाती फिरतच नाहीत

वारा चांगला आहे, तरी पाती थांबलेल्या आहेत किंवा अगदी संथ, जड फिरतायत. अशा वेळी क्रमाने पुढील गोष्टी बघाव्यात.

ब्रेकचा स्विच. हसू येईल, पण दुरुस्तीनंतर ब्रेक काढायला विसरणे ही अगदी नेहमीची चूक आहे.

तीन वायरची चाचणी. वारा नसताना तिन्ही वायर रेक्टिफायरपासून सोडवाव्यात, एकमेकींना लागू देऊ नयेत आणि पाती हाताने फिरवून बघाव्यात. यासाठी मनोरा पाडलेला असला पाहिजे. आता त्या मोकळ्या फिरल्या तर दोष रेक्टिफायर किंवा कंट्रोलरमध्ये आहे. अजूनही जड असतील तर दोष वायरमध्ये किंवा जनरेटरमध्ये आहे. मग वायर जनरेटरजवळ सोडवून पुन्हा फिरवावे. मोकळे झाले तर खालपर्यंत येणाऱ्या वायरमध्ये कुठेतरी शॉर्ट आहे. उंदराने कुरतडलेली वायर, पाइपच्या काठावर घासलेले आवरण आणि पाणी शिरलेला जोड ही तीन नेहमीची कारणे.

बेअरिंग. वायर पूर्ण सोडवूनही पाती फिरताना खरखर लागत असेल किंवा अडकत असेल तर बेअरिंग गंजले आहे किंवा चुंबक वाइंडिंगला घासत आहे.

तोंड वाऱ्याकडे आहे का? शेपूट आडवी आणि पाती वाऱ्याला पाठ करून असतील तर यंत्र खांबावर मोकळे वळत नाही. तिथले बेअरिंग ग्रीस मागत असते. खांब ओळंब्यात नसला तरीही हे होते. खांब कललेला असेल तर यंत्र उताराच्या बाजूला तोंड करून बसून राहते. ओळंबा लावून बघणे हा पाच मिनिटांचा उपाय आहे.

पाती उलट्या बसल्या आहेत का? नव्या यंत्रात हे होते. पातीची जाड, गोलसर कड फिरण्याच्या दिशेने पुढे हवी, पातळ कड मागे. सपाट बाजू वाऱ्याकडे आणि फुगीर बाजू मागे. उलट बसलेल्या पाती वादळातही रडतखडतच फिरतात.

पाती फिरतात, पण वीज येत नाही

इथे एक गोष्ट समजून घ्यावी. पाती फिरल्या म्हणजे वीज मिळाली असे नाही. जनरेटरचा दाब बॅटरीच्या दाबापेक्षा वर गेला तरच वीज बॅटरीत शिरते. त्याआधी पाती नुसत्याच फिरतात. त्यामुळे मंद वाऱ्यात फिरणारी, पण शून्य दाखवणारी पवनचक्की निरोगी असू शकते.

चांगल्या वाऱ्यातही शून्य असेल तर पात्यांच्या वेगाकडे बघावे. पाती नेहमीपेक्षा जोरात, शिट्टी वाजवल्यासारख्या फिरत असतील तर लगाम सुटलेला आहे. म्हणजे फ्यूज उडाला आहे, वायर तुटली आहे किंवा जोड निसटला आहे. लगेच ब्रेक लावावा.

पुढची चाचणी मल्टिमीटरची. वारा अगदी मंद असताना, वायर सोडवून, मल्टिमीटर एसीवर ठेवून तिन्ही जोड्यांमधला दाब मोजावा: पहिली-दुसरी, दुसरी-तिसरी, तिसरी-पहिली. तिन्ही आकडे जवळपास सारखे यायला हवेत. यंत्र फिरत असताना उघड्या टोकांना हात लावू नये, वाऱ्याची एक झुळूक आली तरी दाब धोक्याच्या पातळीवर जातो.

मनोरा पाडलेला असेल तर मल्टिमीटरशिवायही उत्तर मिळते. एका वेळी दोनच वायर जोडून पाती हाताने फिरवाव्यात. हाताला ठोके बसल्यासारखे लागतात. तिन्ही जोड्यांमध्ये ठोके सारखे लागले तर जनरेटर आणि वायर ठीक. दोन जोड्यांत काहीच लागले नाही आणि एकीत लागले, तर त्या दोन जोड्यांमध्ये जी वायर समान आहे तीच तुटलेली आहे.

यंत्र ज्या ठिकाणी खांबावर वळते, तिथे काही रचनांमध्ये स्लिप रिंग आणि कार्बन ब्रश असतात. ब्रश झिजले किंवा रिंगवर काजळी धरली की वीज येते-जाते. काही रचनांमध्ये ब्रश नसतात, वायर सरळ खांबातून खाली लोंबते. यंत्र गोल गोल वळत राहिले की तिला पीळ बसतो आणि कालांतराने ती तुटते. असा पीळ वर्षातून एकदा तरी सोडवावा.

रेक्टिफायर तपासायला मल्टिमीटर डायोडच्या खुणेवर ठेवावा. निरोगी डायोड एका दिशेने साधारण ०.४ ते ०.७ दाखवतो आणि दुसऱ्या दिशेने काहीच नाही. दोन्ही दिशांनी शून्य आले आणि बीप वाजला तर तो डायोड गेला. तीन फेजच्या पुलात असे सहा डायोड असतात, सहाही तपासावेत.

वीज येते, पण बॅटरी भरत नाही

आता कंट्रोलरकडे वळावे. घरगुती यंत्रात डंप लोड नावाचा एक भाग असतो, बहुधा जाड तारेचा हीटर. बॅटरी भरली की कंट्रोलर जास्तीची वीज तिथे वळवतो, म्हणजे पवनचक्कीचा लगाम सुटत नाही. बॅटरी भरलेली असताना डंप लोड तापणे हा दोष नाही. पण डंप लोड तापतोय आणि रात्री इन्व्हर्टर तासाभरात बंद पडतोय, असे असेल तर बॅटरी म्हातारी झाली आहे. खराब बॅटरीचा दाब पटकन चढतो, कंट्रोलरला वाटते ती भरली, आणि वीज डंप लोडमध्ये जाते. चार्जिंग आणि भार दोन्ही काही तास बंद ठेवून १२ व्होल्टच्या लेड-ॲसिड बॅटरीचा दाब मोजावा. सुमारे १२.६ ते १२.७ असेल तर ती भरलेली, १२.२ च्या आसपास निम्मी, १२ च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. रात्रभर न वापरताही दाब उतरत असेल तर बॅटरीच बदलावी लागते.

दुसरे मोठे कारण म्हणजे सोलरचा कंट्रोलर. पैसे वाचवण्यासाठी पवनचक्की सोलरच्या कंट्रोलरला जोडली जाते. बॅटरी भरली की साधा सोलर कंट्रोलर पॅनल तोडतो. पॅनलला त्याचे काही वाटत नाही, पवनचक्की मात्र मोकळी सुटते. अशी जोडणी असेल तर बिघाड अजून झाला नसला, तरी होणारच आहे.

ग्रिडला जोडलेल्या यंत्राचेही तसेच. लाइट गेली की ग्रिडचा इन्व्हर्टर सुरक्षेसाठी आपोआप बंद होतो. त्या क्षणी डंप लोड नसेल तर पाती बेलगाम होतात. जिथे वारंवार वीज जाते तिथे हा मुद्दा साधा नाही.

तिसरे कारण लांब, बारीक वायर. ५०० वॅट १२ व्होल्टवर न्यायचे तर सुमारे ४२ अँपिअर लागतात. ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर ३० मीटर अंतरावर, जाऊन-येऊन ६० मीटर धरली, तर एवढ्या विजेला वायरमध्येच जवळपास १२ व्होल्ट खर्ची पडतील. म्हणजे बॅटरीपर्यंत काहीच पोहोचणार नाही. हीच वीज ४८ व्होल्टवर नेली तर सुमारे साडेदहा अँपिअर पुरतात आणि वायरमधली घट ३ व्होल्टच्या आसपास राहते. मनोरा दूर असेल तर १२ व्होल्टची प्रणाली मुळातच चुकीची निवड ठरते.

वायर योग्य असूनही घट दिसत असेल तर चार्जिंग चालू असताना कंट्रोलरच्या टोकांवर आणि बॅटरीच्या टोकांवर दाब लागोपाठ मोजावा. फरक लक्षणीय असेल तर लग सैल आहे किंवा टोकांवर पांढरट-हिरवा थर बसला आहे. तापलेला जोडही तेच सांगतो.

आवाज आणि थरथर

पवनचक्कीचा आवाज हे तिचे बोलणे असते, ते ओळखता आले पाहिजे.

ठराविक तालात धडधड: पात्यांचा तोल गेला आहे किंवा बोल्ट सैल आहे. वायर सोडवून, वारा नसताना पाती मोकळ्या सोडाव्यात. दर वेळी एकच पाती खाली येऊन थांबत असेल तर ती जड आहे. तिन्ही टोकांमधली अंतरेही सारखी हवीत.

खरखर, कुरकुर: बेअरिंग.

शिट्टी: पातीच्या कडेला टवका उडाला आहे किंवा कड झिजली आहे.

गुरगुर आणि हादरे: तीनपैकी एक फेज तुटलेली किंवा डायोड गेलेला.

ठराविक वेगालाच खांब घुमणे: खांबाचा अनुनाद. ताणाच्या तारा सैल असतील तर त्या सारख्या ताणून बघाव्यात.

थरथर वाढतच असेल तर "बघू पुढच्या आठवड्यात" म्हणू नये. सैल बोल्ट एक दिवसात पाती सोडून देतो, आणि उडालेली पाती कोणाच्या अंगणात पडेल ते सांगता येत नाही.

वादळात यंत्र वाकडे होते, हा दोष की गुण?

अनेक छोट्या पवनचक्क्यांची शेपूट बिजागरीवर असते. वारा फार वाढला की पाती आपोआप तिरक्या होऊन वाऱ्यातून बाजूला सरतात आणि वारा कमी झाला की परत येतात. स्कॉटलंडच्या स्कोरेग या द्वीपकल्पावर राहणारे ह्यू पिगट यांनी घरी बनवण्याजोग्या ज्या रचना जगभर पोहोचवल्या, त्यातही हीच युक्ती आहे. त्यामुळे वादळात वाकडे होणारे यंत्र बरोबरच वागत आहे. काळजी तेव्हा करावी, जेव्हा ते वादळातही सरळच राहते (बिजागरी गंजली आहे) किंवा साध्या वाऱ्यातही वाकडेच राहते (बिजागरी अडकली आहे किंवा शेपूट हलकी पडते आहे).

सगळे ठीक आहे, तरी वीज कमीच

मग दोष जागेचा. घर, झाड, टाकी यांच्यामागे वारा नुसता कमी होत नाही, तो भोवऱ्यासारखा फिरतो. हा गोंधळ अडथळ्याच्या दुप्पट उंचीपर्यंत आणि उंचीच्या सुमारे वीसपट अंतरापर्यंत जाणवू शकतो. १० मीटर उंच आंब्यामागे २०० मीटरपर्यंत वारा बिघडलेला असू शकतो. म्हणून जुना नियम असा की पात्यांचे खालचे टोक १०० मीटरच्या परिसरातल्या प्रत्येक वस्तूपेक्षा किमान १० मीटर वर असावे. काठीला लांब रिबीन बांधून त्या उंचीवर धरली तर लगेच कळते. रिबीन सरळ, संथ लहरली तर जागा चांगली. ती सारखी दिशा बदलत फडफडली तर नाही.

ब्रिटनमध्ये वॉरविक विंड ट्रायल्स या चाचणीत इमारतींवर बसवलेल्या २६ छोट्या पवनचक्क्या तपासल्या गेल्या. २००९ च्या अहवालानुसार त्यांनी आपल्या क्षमतेच्या सरासरी ०.८५ टक्केच वीज दिली. १ किलोवॅटच्या यंत्राला हा आकडा लावला तर वर्षाला जेमतेम ७५ युनिट होतात. उंच इमारतींवर वारा चांगला मिळाला, पण तिथली काही यंत्रे आवाजाच्या तक्रारींमुळे बंद ठेवावी लागली. गच्चीवरच्या यंत्राला हादऱ्यांचा दुसरा त्रासही असतो, ते भिंतींतून थेट घरात उतरतात.

पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर

बसवल्यावर महिन्याभरात सगळे बोल्ट पुन्हा आवळावेत. त्यानंतर मे महिन्यात आणि ऑक्टोबरमध्ये एकेक फेरी पुरते. बोल्ट, ताणाच्या तारा, ग्रीस, पात्यांच्या कडा, वायरचा पीळ, बॅटरीतले पाणी, अर्थिंग आणि विजेपासून वाचवणारा सर्ज अरेस्टर, एवढे बघावे. कोकणात खारी हवा लोखंड खाते, त्यामुळे तिथे स्टेनलेस स्टीलचे नट-बोल्ट आणि गॅल्व्हनाइज्ड खांबच घ्यावा. एक छोटी वही ठेवावी: तारीख, वाऱ्याचा अंदाज, अँपिअर. बिघाड झाल्यावर "आधी किती येत होते" याचे उत्तर त्या वहीशिवाय कोणाकडेच नसते.

दुरुस्ती करावी की उतरवावे?

वायर, डायोड, ब्रश, बेअरिंग, ग्रीस यांतला दोष असेल तर दुरुस्ती नक्की करावी, खर्च थोडा असतो. वाइंडिंग जळली असेल किंवा पातीला तडा असेल तर हिशेब मांडावा. तडा गेलेली पाती चिकटवून मात्र कधीही वापरू नये. आणि वहीतले आकडे वर्षभर सांगत असतील की यंत्र निरोगी आहे, पण वारा नाही, तर नवे पार्ट घालून काही बदलणार नाही. मनोरा उंच करणे, जागा बदलणे किंवा त्याच बॅटरीला सोलर पॅनल त्याच्या स्वतंत्र कंट्रोलरसह जोडणे, एवढेच मार्ग उरतात. महाराष्ट्रात ऊन आणि वारा एकमेकांची उणीव भरून काढतात. पावसाळ्यात ढग असतात तेव्हा वारा असतो, आणि वारा पडतो तेव्हा ऊन असते. म्हणून ज्या घरी दोन्ही आहेत, तिथे वारा पडला तरी अंधार होत नाही.